नव्या तलावाला पडलेली भेग

जुन्या वाड्याची भिंत खचली तर घरधनी हळहळतो, परंतु मनाची समजूतहि घालतो. वास्तूचें वय झालें होतें, एवढें समाधान तेथें असतें. नव्या बांधकामाला भेग पडली म्हणजे तेंहि समाधान उरत नाहीं. पैसा ताजा गेलेला, कौतुक ओसरलेलें नाहीं, आणि स्वच्छ करड्या काँक्रीटवर केसासारखी एक रेघ उमटलेली! अशा वेळीं दोन प्रकारचीं माणसें पुढें सरसावतात. पहिला म्हणतो, "सारें काम बुडालें, हा तलाव फोडून टाका." दुसरा म्हणतो, "सिमेंटचा एक हात फिरवा; उद्यां दिसणारहि नाहीं." भेग कां पडली, हें दोघांपैकीं एकहि विचारीत नाहीं. एक तपासणीपूर्वींच निकाल देऊन बसतो आणि दुसरा पुरावा पुसून टाकतो. नाडी पाहिल्यावांचून मात्रा देणारा वैद्य जसा धोक्याचा, तसेच हे दोन्ही सल्लागार धोक्याचे होत. पोहण्याच्या नव्या तलावाला भेग पडली असतां तिला आधीं ओळखावी कशी आणि मग तिच्यावर उपाय कोणता करावा, याचा विचार शांतपणें करण्यासारखा आहे.

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न आतां थोड्या श्रीमंतांपुरता राहिलेला नाहीं. कांदिवलीचेंच उदाहरण घ्यावें. तेथें पश्चिमेस महापालिकेचा सरदार वल्लभभाई पटेल जलतरण तलाव आहे. आणि पूर्वेकडील ठाकूर व्हिलेज व लोखंडवाला, पश्चिमेकडील महावीरनगर, अशा वस्त्यांतील उंच इमारतींच्या आवारांत लहानमोठे तलाव बांधण्याची चाल पडली आहे. जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागीं मनोरे उठतात, तेव्हां वाहनतळाच्या छतावरहि तलाव बांधतात. त्याचा खर्च घराच्या किंमतींत मिसळलेला असतो, म्हणून तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं. दुरुस्तीचा खर्च मात्र पुढें महिन्याच्या वर्गणींतून निघावा लागतो. निवृत्तिवेतनावर दिवस काढणारा आणि जन्मांत कधीं पाण्यांत न उतरलेला वृद्ध सभासदहि अशा रीतीनें त्या भेगेचा भागीदार होतो. म्हणून तिचें शास्त्र केवळ इंजिनियरानें जाणावें आणि इतरांनीं नुसते पैसे द्यावे, ही वांटणी बरोबर नाहीं.

कांदिवलीच्या पूर्वेस, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत, कान्हेरीचीं लेणीं आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास तेथें खोदकाम सुरू झालें आणि पुढें सुमारें एक हजार वर्षें तें चालू राहिलें. शंभराहून अधिक असलेल्या या लेण्यांपैकीं बहुतेकांच्या शेजारीं पाण्याचें एक टांकें खोदलेलें आहे. तेथील शिलालेखांत अशा टांक्याला 'पोढी' म्हटलें आहे. कित्येक टांक्यांत अजूनहि पाणी राहतें. हें पाहून मनांत सहज प्रश्न येतो, कीं तेव्हांच्या पाथरवटाला जें साधलें तें आजच्या यंत्रयुगांत कां साधूं नये? त्याचें उत्तर असें, कीं पाथरवटानें टांकें बांधलें नाहीं, तें कोरून काढलें. खडक कोट्यवधि वर्षांपूर्वीं थिजून, आकसून स्थिर झालेला होता. त्यांतील निसर्गाच्या भेगा पाहून आणि त्या टाळून त्यानें जागा निवडली. काँक्रीटचा तलाव हा याच्या उलट, माणसानें ओतलेला ओला खडक होय. तो माणसाच्या डोळ्यांदेखत थिजतो आणि त्याच्या डोळ्यांदेखतच आकसतो.

या आकसण्याचें मूळ पाण्यांत आहे. सिमेंट घट्ट होतें तें वाळून नव्हे, तर पाण्याशीं संयोग पावून. या संयोगाला सिमेंटच्या वजनाच्या सुमारें पाव हिस्सा पाणी पुरतें; परंतु एवढ्याच पाण्यांत कालविलेला माल इतका कोरडा होतो, कीं तो सळयांच्या जाळींतून खालीं उतरत नाहीं. म्हणून पाणी अधिक घालावें लागतें. हें जास्तीचें पाणी पुढें सावकाश उडून जातें, आणि त्यानें सोडलेल्या सूक्ष्म पोकळ्यांमुळें काँक्रीट आंखडतें. अमेरिकन संशोधक डफ अब्रॅम्स यांनीं १९१८ सालीं असें दाखवून दिलें, कीं सिमेंटच्या मानानें पाणी जितकें अधिक, तितकी काँक्रीटची ताकद कमी. पाण्याच्या टांक्यांकरितां असलेल्या भारतीय मानक ३३७० मध्यें म्हणूनच पाण्याचें हें प्रमाण बांधून दिलेलें आहे. तें साधारणपणें सिमेंटच्या वजनाच्या शेंकडा ४५ पेक्षां जास्त असूं नये. माल लवकर सरकावा म्हणून एखादा मजूर नळी धरून दोन बादल्या पाणी वाढवितो, तेव्हां त्याच्या हातून पुढच्या वर्षाची भेग पेरली जाते.

आकसणें किती होतें, याचा हिशेब शाळेंतील मुलालाहि करतां येईल. दुसऱ्या मानकांत, म्हणजे ४५६ मध्यें, काँक्रीटचें एकूण आकसणें ढोबळ मानानें लांबीच्या दहा हजारांत तीन भाग धरलेलें आहे. तलाव २५ मीटर लांब असेल तर हें आकसणें साडेसात मिलिमीटर भरतें. शिवाय उन्हाचा हिशेब निराळा. तपमान एक अंशानें उतरलें कीं काँक्रीट आपल्या लांबीच्या सुमारें एक लक्षांश आंखडतें. मे महिन्यांत दुपारीं तापलेला रिकामा तलाव पाणी भरल्यावर २० अंशांनीं निवाला, तर आणखी ५ मिलिमीटर कमी झाले. तलाव मोकळा असता तर त्यानें अंग आवरून घेतलें असतें आणि भेग पडली नसती. परंतु खालची जमीन त्याला धरून ठेवते, आणि काल भरलेल्या भिंतीला महिनाभर आधीं भरलेला तळ धरून ठेवतो. एका बाजूनें आकसण्याची ओढ आणि दुसऱ्या बाजूनें अडवणूक, अशा ओढाताणींत काँक्रीट फाटतें. दाब सोसण्यांत काँक्रीट भीमासारखें आहे. ताण सोसण्याची त्याची शक्ति मात्र दाबाच्या शक्तीच्या सुमारें एक दशांशच असते.

हा ताण घेण्यासाठीं सळया असतात. जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्यानें बागेंतील कुंड्या आणि पाण्याचीं कुंडें फुटूं नयेत म्हणून सिमेंटमध्यें लोखंडी जाळी घातली आणि १८६७ सालीं त्या युक्तीचें पेटंट घेतलें. सलोह काँक्रीटच्या इतिहासांतील तें एक आरंभीचें पाऊल होय, आणि तें पाणी धरून ठेवण्याच्या गरजेंतूनच पडलें. परंतु सळई भेग पडूंच देत नाहीं, ही समजूत खरी नाहीं. सळईचें काम भेगेची वांटणी करण्याचें आहे. जेथें पांच मिलिमीटरांची एकच भगदाड पडली असती, तेथें जवळजवळ बसविलेल्या बारीक सळया केसाएवढ्या पंचवीस-तीस भेगा पाडतात. आणि या वांटणींतच सारा नफा आहे. कारण भेगेंतून झिरपणारें पाणी तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. रुंदी दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाहीं, आठपट होते. म्हणून टांक्याच्या हिशेबांत भेगेची रुंदी ०.२ मिलिमीटरच्या आंत ठेवण्याचा दंडक आहे. इतक्या बारीक भेगेंत पाणी राहिलें म्हणजे काँक्रीटमधील चुना विरघळतो, हवेंतील कर्बवायूशीं त्याचा संयोग होतो, आणि कांहीं आठवड्यांत ती फट आंतल्या आंत चुनखडीनें बुजून जाते. निसर्गानें केलेली ही दुरुस्ती फुकट असते. मात्र ती होण्यासाठीं भेग हालतां कामा नये आणि पाण्याचा ओघ जोराचा असतां कामा नये.

एवढें समजलें म्हणजे भेगांची जात ओळखणें सोपें जातें. पहिली जात काँक्रीट ओलें असतांनाच पडणाऱ्या भेगांची. कडक ऊन आणि कोरडा वारा असतांना ओतलेल्या तळाचें वरचें पाणी उडून जातें, खालून तितक्या वेगानें पाणी वर येत नाहीं, आणि कांहीं तासांतच तळावर वेड्यावांकड्या, परंतु बहुधा एकमेकींना समांतर अशा रेघा उमटतात. बऱ्याचशा उथळ असतात. कांहीं मात्र आरपार जातात, म्हणून सगळ्यांना क्षुल्लक मानून चालत नाहीं. दुसरी जात वाळण्याच्या आणि निवण्याच्या भेगांची. या आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं दिसतात. लांब भिंतीवर त्या बऱ्याच सारख्या अंतरानें, उभ्या, खालच्या सांध्यापासून वर चढलेल्या असतात. तिसरी जात सर्वांत गंभीर. तलावाचा एक भाग खचल्यानें, खालून पाण्याचा दाब आल्यानें किंवा सळया कमी पडल्यानें ही भेग पडते. ती कोपऱ्यापासून तिरपी निघते, एका टोंकाला रुंद व दुसऱ्या टोंकाला अरुंद असते, आणि तिच्या दोन कडा एका पातळींत नसतात. बोट फिरवून पाहिलें तर एक कांठ वर आणि एक कांठ खालीं असल्याचें कळतें. अशा भेगेला भरणी पुरत नाहीं. तेथें रचनेचाच विचार करणारा माणूस बोलवावा लागतो. यांशिवाय एक फसवी जात आहे. कालचें काँक्रीट आणि आजचें काँक्रीट जेथें मिळतें त्या सांध्याची रेघ भेगेसारखी दिसते. तो सांधा खरवडून स्वच्छ केला नसेल, किंवा त्यांत पाणी अडविणारी पट्टी नीट बसविली नसेल, तर भेग नसतांनाहि तेथून पाणी वाहतें.

तिसऱ्या जातीच्या भेगेचा विचार करतांना कांदिवलीच्या जमिनीकडे पाहावें लागतें. पूर्वेस डोंगराचा पाषाण आणि पश्चिमेस खाडीचा चिखल, या दोहोंच्या मध्यें हें उपनगर वसलेलें आहे. १९२० नंतरच्या दशकांत बॅकबेच्या समुद्रांत भराव घालण्याच्या योजनेसाठीं कांदिवलीच्या खाणींतून दगड नेला जात असे. या परिसरांतील नाल्यांच्या कांठीं के. आर. यू. टॉड या आरमारी अधिकाऱ्याला अश्मयुगीन हत्यारें सांपडलीं, आणि १९३९ सालीं त्यानें त्यांविषयीं निबंध प्रसिद्ध केला. इतिहासाच्या अभ्यासकाला त्या हत्यारांचें मोल. बांधकाम करणाऱ्यानें मात्र त्यानें नोंदविलेले मातीचे थर ध्यानांत घ्यावे. खालीं खडक, त्यावर चिकणमाती, मध्येंच गोट्यांची भर, पुन्हां माती, अशी ती उतरंड आहे. पंचवीस मीटर लांबीच्या खड्ड्याचें एक टोंक मुरुमावर आणि दुसरें टोंक चिकणमातीच्या किंवा जुन्या भरावाच्या थरावर येणें, हें अशा जमिनींत अगदीं संभवनीय आहे. मातीवरचें टोंक दबलें, खडकावरचें दबलें नाहीं, कीं तलाव मध्यें तडकलाच. म्हणून खोदाई सुरू करण्यापूर्वीं एकाच ठिकाणीं नव्हे, तर दोन्ही टोंकांस भोंकें पाडून जमीन तपासावी. हा खर्च पुढील दुरुस्तीच्या मानानें अगदीं थोडा असतो.

जमिनीहूनहि मोठा शत्रु म्हणजे पावसाळ्यांतील भूमिगत पाणी. मुंबईच्या उपनगरांत चार महिन्यांत सरासरीनें २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आणि २६ जुलै २००५ रोजीं तर सांताक्रूझच्या वेधशाळेंत एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कांदिवलींतून वाहणारी पोयसर नदी तुडुंब भरली म्हणजे आसपासच्या जमिनींतील पाणीहि वर चढतें. पाणी भरलेल्या तलावाला त्याचें भय नाहीं. आंतील वजन बाहेरील दाबाला तोलून धरतें. रिकाम्या तलावाची गोष्ट निराळी. तळाचा स्लॅब पाव मीटर जाड असेल तर त्याचें वजन दर चौरस मीटरला सुमारें ६२५ किलो भरतें. भूमिगत पाणी त्याच्या खालच्या पृष्ठाच्या वर दीड मीटर चढलें, तर खालून दर चौरस मीटरला १,५०० किलोंचा रेटा बसतो. होडी पाण्यावर तरंगते त्याच न्यायानें तलाव वर उचलला जाऊं पाहतो. भिंती त्याला धरून ठेवतात. आणि तळ मध्यभागीं फुगून फाटतो. भेग दुरुस्त करावयाची म्हणून जुलै महिन्यांत तलाव उपसणें, ही म्हणूनच चूक ठरते. औषधासाठीं रोग्याचा श्वास कोंडण्यासारखा तो प्रकार आहे. ज्या तलावाच्या सर्वांत खोल भागीं दाब सोडणारी झडप आणि शेजारीं भूमिगत पाण्याची पातळी दाखविणारी विहीर आहे, त्यालासुद्धां ती पातळी पाहून आणि पंपानें उतरवून मगच रिकामें करावें. तलावाची दुरुस्ती पावसाळ्यानंतर, जमीन निथळल्यावर करणें सुरक्षित.

वाहनतळाच्या छतावरील तलावाला हा खालचा रेटा नसतो; त्याची परीक्षा करणेंहि सोपें, कारण त्याची खालची बाजू डोळ्यांना दिसते. छताला ओल दिसली, पांढरे चुन्याचे ओघळ लोंबूं लागले, किंवा तांबूस डाग उमटले, तर ती तक्रार समजावी. पांढरा ओघळ सांगतो, कीं पाणी काँक्रीटमधून वाट काढीत आहे. तांबूस डाग सांगतो, कीं तें सळईपर्यंत पोंचलें आहे. ही दुसरी बातमी अधिक वाईट. काँक्रीटच्या क्षारयुक्त आवरणांत सळई सुरक्षित असते. परंतु तलावाच्या जंतुनाशक क्लोरीनमुळें पाण्यांत वाढलेले क्षार भेगेवाटे तिच्यापर्यंत गेले, कीं तिचें कवच मोडतें. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, आंतून रेटा देतो आणि काँक्रीटचे पापुद्रे पाडतो. त्या छताखालून दररोज माणसें आणि मुलें जात-येत असतात, हें विसरून चालत नाहीं.

आतां परीक्षेची रीत. तलाव गळतो कीं पाणी उन्हानें उडतें, हा वाद बहुतेक ठिकाणीं महिनोनमहिने चालतो. तो मिटविण्यास एक बादली पुरते. बादलींत तलावाचेंच पाणी भरून ती तलावाच्या पायरीवर अशी ठेवावी, कीं आंतील व बाहेरील पाणी सारख्या पातळींत येईल. दोन्ही पातळ्यांवर खूण करावी. पोहणें आणि पाणी भरणें चोवीस तास बंद ठेवावें, पाऊस नसावा. बादलींतील पाणी जितकें उतरेल तितकें उन्हावाऱ्याचें. तलावांतील पाणी त्याहून जास्त उतरलें तर तो फरक गळतीचा. हीच परीक्षा यंत्र चालू ठेवून आणि बंद ठेवून, अशी दोनदां केली तर आणखी एक गोष्ट कळते. यंत्र चालू असतां गळती वाढली, तर दोष बहुधा नळांत आहे. तलावाच्या काँक्रीटला व्यर्थ दोष देण्यांत अर्थ नाहीं. २५ मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद तलावांत एक मिलिमीटर पाणी म्हणजे ३१२ लिटरांहून अधिक. रोज पांच मिलिमीटर गळत असेल तर दीड हजार लिटरांवर पाणी मातींत जातें. शहरांतील एका माणसाला दिवसाला १३५ लिटर, हा जो सर्वमान्य हिशेब आहे, त्याप्रमाणें अकरा माणसांचें तें रोजचें पाणी होय.

गळती ठरली म्हणजे भेगेची जबानी घ्यावी. प्रत्येक भेगेला क्रमांक द्यावा. तिच्या टोंकांवर तारीख लिहून आडवी खूण करावी. भेगमापक पट्टीनें तिची रुंदी तीन ठिकाणीं मोजावी. आणि भेगेवर काचेची बारीक पट्टी दोन्ही बाजूंस घट्ट चिकटवावी. महिन्या-दोन महिन्यांनीं काच शाबूत असेल आणि भेग खुणेपुढें गेली नसेल, तर ती झोंपलेली आहे. काच फुटली तर ती जिवंत आहे. तलाव भरलेला असतांना भेगेजवळ निश्चल पाण्यांत रंगाचा एक थेंब सोडला, आणि तो रंग भेगेंत ओढला गेला, तर पाण्याची वाट तीच, हेंहि कळतें. ही सारी कामें एखादा काळजीवाहू सभासद इंजिनियराच्या मार्गदर्शनानें करूं शकतो. त्याला मुख्यतः वही, पेन्सिल आणि धीर यांचीच गरज असते.

उपाय या जबानीवर अवलंबून आहे. झोंपलेल्या, आरपार गेलेल्या भेगेंत इपॉक्सी नांवाचें राळेसारखें द्रव्य दाबानें भरतात. भेगेवर अंतराअंतरानें लहान नळ्या बसवितात, मधली फट वरून बंद करतात, आणि उभ्या भेगेंत सर्वांत खालच्या नळीपासून भरणी सुरू करतात. वरच्या नळींतून द्रव्य बाहेर आलें कीं खालची बंद करून वर सरकतात. हें द्रव्य काँक्रीटपेक्षांहि घट्ट होतें. आणि म्हणूनच तें जिवंत भेगेंत भरूं नये. जिवंत भेगेचें तोंड इपॉक्सीनें शिवलें, तर ओढ कायम असल्यामुळें काँक्रीट तेथून न फाटतां शेजारीं फाटतें. जुन्या भेगेजवळ नवी भेग पाहून लोक कारागिराला नांवें ठेवतात. वस्तुतः चुकलेलें असतें तें निदान. हालणाऱ्या भेगेला हालूं देणारें औषध हवें. तिला चर पाडून रुंद करतात, आणि त्यांत रबरासारखा ताणला जाणारा मसाला भरतात. वाहत्या पाण्याची भेग असेल तर पाण्याशीं गांठ पडतांच फुगणारें पॉलियुरेथेन आंत सोडतात. उथळ, जाळीदार रेघांना जलरोधक लेप पुरतो. सळई गंजली असेल तर मात्र वरवरचें काम चालणार नाहीं. काँक्रीट सळईच्या मागेंपर्यंत काढून, गंज साफ करून, मग नवी भर घालावी लागते. आणि जमीन खचत असेल तर आधीं जमिनीचा बंदोबस्त. तोंवर भेगेची भरणी व्यर्थ.

अर्थात् सर्वांत स्वस्त भेग ती, जी पडलीच नाहीं. माल ओततांना पाणी मोजून घालणें, दाट सळयांत यंत्रानें माल नीट बसविणें, लांब भिंतीला योग्य जागीं सांधे ठेवणें, आणि ओतल्यानंतर काँक्रीट दोन आठवडे तरी अखंड ओलें ठेवणें, या चार गोष्टींत गूढ कांहीं नाहीं. सकाळीं पाणी मारलें आणि दुपारीं तें वाळूं दिलें, तर तें ओलें ठेवणें होत नाहीं. ओलें गोणपाट घालून तें दिवसभर भिजत ठेवावें. शेवटची आणि सर्वांत मोलाची गोष्ट ही, कीं लाद्या बसविण्यापूर्वीं तलाव भरून पाहावा. काँक्रीटला पाणी पिऊं देण्यास सात दिवस, आणि त्यानंतर रोज पातळी मोजण्यास सात दिवस, अशी मानकांत सांगितलेली रीत आहे. या चौदा दिवसांची घाई पुष्कळांना होते. उद्घाटनाची तारीख ठरलेली असते, निमंत्रणें गेलेलीं असतात, आणि निळ्या लाद्या लवकर बसविल्या म्हणजे तलाव पुरा झाला असें सर्वांना वाटतें. त्या लाद्यांखालीं काय राहिलें तें पुढें पाणी सांगतें. परंतु तोंपर्यंत लाद्या फोडण्याचा खर्च वाढलेला असतो.

या बाबतींत कायद्यानेंहि घर घेणाऱ्याला एक हत्यार दिलें आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणें, ताबा दिल्यापासून पांच वर्षांच्या आंत रचनेचा किंवा कारागिरीचा दोष नजरेस आणून दिला, तर बांधणाऱ्यानें तो जादा पैसे न घेतां तीस दिवसांत दूर केला पाहिजे. परंतु हें हत्यार पुराव्यावांचून बोथट आहे. ज्या संस्थेनें भेगांचे क्रमांक, तारखा, मापें आणि छायाचित्रें ठेवून वेळेवर लेखी कळविलें, तिचें म्हणणें टिकतें. जिनें प्रत्येक उन्हाळ्यांत गुपचूप गिलावा फिरविला, तिला पांच वर्षें उलटल्यावर जाग येते; तेव्हां दोष मूळचा कीं मागाहूनचा, हें ठरविण्यास साधन उरत नाहीं, आणि खर्च त्या वृद्ध सभासदाच्या वर्गणींतून निघतो. दिसणारी भेग लाज आणते म्हणून ती झांकावीशी वाटते. परंतु झांकलेल्या भेगेचें व्याज चढत जातें. बांधणाऱ्याच्याहि हिताची गोष्ट हीच आहे. केसाएवढ्या, ठरल्या मर्यादेंतील रेघेसाठीं त्याला दोष देणें अन्यायाचें होय, आणि तो अन्याय टाळण्यास त्यालाहि मापांचीच वही उपयोगीं पडते.

पाऊस संपून जमीन निथळली, कीं ज्यांच्या आवारांत नवा तलाव आहे त्यांनीं एक वही घ्यावी, आणि पहिल्या पानावर तलावाची लांबी, रुंदी, खोली व ताब्याची तारीख लिहावी. दुसऱ्या पानावर बादलीच्या परीक्षेचे आंकडे, आणि तिसऱ्या पानापासून एकेका भेगेला एकेक पान द्यावें. पुढच्या मार्गशीर्षांत तींच पानें पुन्हां उघडून मापें ताडून पाहावीं. जीं मापें तशींच राहिलीं त्यांच्याविषयीं निश्चिंत असावें. जें माप वाढलें त्यासाठीं जाणत्याला त्याच आठवड्यांत बोलवावें. तलावांत उतरणारीं मुलें त्या निळ्या पाण्याखालीं काय आहे, हें पाहूं शकत नाहींत. तें पाहून ठेवण्याची जबाबदारी कांठावर उभ्या असलेल्या मोठ्या माणसांची आहे.